गाढव, कांदा, आळशी, खिडकी

तुझा फोन उघडला, अन्वर. कोराकरकरीत उघडला. नवा फोन आणल्यावर जसा 'भाषा निवडा' म्हणतो ना, तसा. तुला मिट्टी देऊन आलो आणि दोन-तीन दिवसांतच तुझे थोरले भाईजान तो फोन घेऊन एका मोबाइलवाल्याकडे गेले. म्हणाले, लॉक उघडून दे. त्यानं उघडून दिला. आतलं सगळं पुसूनच उघडता येतो, हे मात्र पैसे घेतल्यावर सांगितलं. भाईजान मला म्हणतात, "उघडला तर खरं." आता या माणसापुढं कुठल्या भिंतीवर डोकं आपटावं सांग. त्याच फोनात तुझं ते बिटकॉइनचं वॉलेट होतं आणि त्या वॉलेटपायी तुझ्या बायकोच्या, भाभींच्या, हातातले कंगन गेले होते.

भाईजानांचा राग आला, पण खरं सांगू का, त्याहून जास्त तुझा आला. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणणाऱ्याचं काय जातं? त्यांच्या दुकानासमोर तुझं दुकान नव्हतं. माझ्या गिरणीच्या दारात उभं राहिलं की नाकासमोर तुझी स्टीलची भांडी, आणि भांड्यांच्या मधोमध मांडी घालून बसलेला तू, हातात नाव घालायचं मशीन, टर्रर्र टर्रर्र. माजलगावातलं कुठलं घर असंल ज्याच्या ताटाखाली तुझ्या हातचं नाव नाही? लग्नाचं आंदण तू कोरलंस, वर्षश्राद्धाला वाटायच्या तांब्यांवर 'स्मरणार्थ' तू कोरलंस. आता तुझं शटर खाली आहे आणि गिरणीचा आवाज मला एकट्यालाच ऐकावा लागतो. आधी तुझा टर्रर्र त्यात मिसळायचा. मी कटकट करायचो की डोकं उठलं. तर ते जाऊ दे.

हे बिटकॉइनचं खूळ तुझ्या डोक्यात कुणी घातलं ते मला कधी कळलं नाही. कळलं एवढंच, की दुपारी गिऱ्हाईक नसलं की तू माझ्या ओट्यावर यायचास आणि मला शिकवायचास. मी मागितलं नव्हतं. "दत्त्या, ब्लॉकचेन समजून घे बे, दुनिया पुढं चालली." मी म्हणायचो, दुनिया जाऊ दे पुढं, मला संध्याकाळपर्यंत ज्वारीचं दळण काढायचंय.

पण तू ऐकतोस होय. तू माझीच गिरणी धरलीस.

"सकाळी बाया डबे ठिवून जातेत. कुणाचा डबा कुणाच्या मागं, हे तू लिहून ठिवतोस का?"

"न्हाई."

"मग भांडण कावून होत न्हाई?"

"होतंय की. रोज होतंय."

"पण मिटतंय ना? कावून मिटतंय? कारण रांग सगळ्यांनी बघितलेली असती. एखादीनं गुपचूप डबा पुढं सारला, तर बाकीच्या धा जणी वरडतेत. झालं, हीच ब्लॉकचेन. हिशोब एकट्या मालकाजवळ न्हाई, सगळ्यांजवळ त्याची नक्कल हाय. आन् असं समज, की हरेक डब्याच्या झाकणावर त्याच्या पुढच्या डब्याची खूण हाय. मधला एक डबा बदलला, की मागच्या सगळ्यांच्या खुणा चुकल्या. चोरी लपत न्हाई."

बोलायला तू गोड. मला पटत पण आलं होतं. मग मी विचारलं, मालक कोण? तू म्हणालास, कुणीच न्हाई. म्हणजे बिनमालकाची गिरणी? हौ, म्हणालास, बिनमालकाची. मग पट्टा तुटला तर कुणाचं बखोट धरायचं, अन्वर? तेव्हा तुला एकदम दुकानात गिऱ्हाईक दिसलं. उठून गेलास. दुकानात कुणी नव्हतं, मी बघत होतो.

वॉलेटवरनं तर आपण किती भांडलो. वॉलेट म्हंजे पाकीट, एवढं इंग्रजी मला येतं. मी विचारलं, पाकिटात पैसे किती? तू म्हणालास, "पाकिटात पैसे नसतेत बे. पैसे त्या रांगेतच लिहिलेले असतेत. पाकिटात नुसती चावी असती." मग त्याला चावी म्हण की, पाकीट कावून म्हणतोस? तू वैतागून म्हणालास, "नाव मी ठिवलंय का?" गावभर नावं घालत फिरणारा माणूस, आणि या एका नावाची जबाबदारी घ्यायला तयार नाही.

मग तू मला दर्ग्यातली पेटी सांगितलीस. ते मात्र चांगलं सांगितलंस. पेटीच्या फटीतनं कुणीही पैसे टाकावेत. ती फट म्हणजे तुझा पत्ता, सगळ्या गावाला दिला तरी बिघडत नाही. पण पेटी उघडणार ती चावीवाल्यालाच, आणि ती चावी म्हणजे बारा शब्द. साधे इंग्रजी शब्द, मशीननंच निवडून दिलेले, त्याला काही अर्थ नसतो. फोन धरणात पडला, जळला, चोरानं नेला, तरी नव्या फोनात ते बारा शब्द ओळीनं घातले की चावी परत तयार.

"आन् शब्दच हरवले तर?"

"मग अल्ला मालिक."

"आन् दुसऱ्या कुणाला कळले तर?"

"तर पैसे त्याचे. म्हणून सख्ख्या भावालाबी सांगायचे न्हाईत. फोन आला, बँकेतनं बोलतो म्हणला, कंपनीतनं बोलतो म्हणला, शब्द मागितले की समजायचं चोर हाय."

आधी तू एका कंपनीच्या अ‍ॅपवर ठेवत होतास. मग एकदा त्यांनी दोन-चार दिवस पैसे काढणंच बंद केलं आणि तुझी झोप उडाली. ते पुन्हा सुरू झाल्याबरोबर सगळं काढून स्वतःच्या वॉलेटात आणलंस आणि मला सुनावलंस, "चावी दुसऱ्याजवळ असली की माल आपला नसतोय." मी म्हणालो, सरकार यावर कर घेतं, हमी घेत नाही, एवढ्यावरनं तरी शहाणा हो. तू म्हणालास, पावसाची हमी कुणी घेतली का, तरी लोक पेरतेतच की. तुझ्याशी बोलण्यात कुणी जिंकलंय का कधी.

त्यात तू भाभींचे कंगन घातलेस. त्यांनी स्वतः काढून दिले, मला माहीत आहे. तू त्यांना सगळं सांगितलंस, चढतं, उतरतं, बुडूही शकतं, हे पण सांगितलंस. तरी त्यांनी दिले, कारण तू मागितलेस. मी तुला जुगारी म्हणालो, तू मला बैल म्हणालास. तेव्हा बैल चालून गेला. त्याच साली रमजान ईदला तू जे केलंस, ते नाही चाललं.

ईदचा शीरखुर्मा दरसाल तुझ्याकडून यायचा. वाडगं ताटात, वर रुमाल. आमची सुमन दिवाळीला त्याच ताटात फराळ घालून परत पाठवायची. ताट रिकामं परत द्यायचं नसतं, हे दोन्ही घरांत सारखंच. त्या ईदला वाडगं रिकामं झाल्यावर सुमननं ताट घासलं आणि सवयीनं पालथं केलं, नाव बघायला. बाया बघतातच, पाच घरची ताटं येतात, कुणाचं कुठलं कळावं म्हणून तर तळाला नाव. तिथं तुझं नाव नव्हतंच. दोन ठिपके होते आणि इंग्रजीत काहीतरी कोरलेलं होतं. तिनं माझ्यापुढं आणलं.

माझं इंग्रजी दहावी नापासाचं. पण डाँकी मला येतं. ऑनियन कांद्याच्या गोणीवर वाचलंय. लेझी तर आमच्या मास्तरांनी माझं दुसरं नावच ठेवलं होतं. राहिलं विंडो. गाढव, कांदा, आळशी, खिडकी. तुझ्या हातचं कोरीव अक्षर. सणाच्या दिवशी, ताटाखाली, माझ्या घरी.

मी तसाच ताट घेऊन रस्ता ओलांडला. तुझ्या दुकानात चार गिऱ्हाईकं होती. मी विचारलं, "गाढव समजलं. आळशीबी समजलं. पण कांदा कावून बे?"

तुझा चेहरा असा पडला, की मला वाटलं माणूस शरमला. मग तुला हसू फुटलं. डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसलास. आणि हात पुढं केलास, "दे ते ताट."

"न्हाई देत."

"दे बे, ते तुझ्या भाभीनं चुकून पाठवलं. दुसरं देतो, जड देतो."

"माझ्यावर लिहिलंय, माझ्याजवळच राहील."

आता मला सांग. एवढी मोठी रस्सीखेच झाली, चार माणसांदेखत झाली, ते ठीक. पण संध्याकाळी तू माझ्या ओट्यावर येऊन कानात एक वाक्य सांगितलं असतंस तर? दत्त्या, ते माझे शब्द हाईत, तुला शिवी न्हाई. संपलं असतं. मी काय तुझा फोन उघडणार होतो? मला तर माझा उघडता येत नाही. पण नाही. सख्ख्या भावाला सांगायचं नाही म्हणजे नाही. तुझाच नियम, तुझ्याच नरडीला.

आणि मी काय गप्प बसणाराय. दळण टाकायला येईल त्या प्रत्येक बाईला मी ते सांगितलं. चहाच्या टपरीवर सांगितलं. तेलगावचा पाहुणा आला, त्याला सांगितलं. "बघा, ज्याला भाऊ मानला त्यानं ईदला काय लिहून पाठवलं. गाढव, कांदा, आळशी, खिडकी." तू समोरून पळत यायचास, "हळू बोल बे, कुणाला सांगू नको ते." मला वाटायचं, लाज वाटती लेकाला. म्हणून मी आणखी वरच्या पट्टीत सांगायचो. आता आठवलं की मला घाम फुटतो. तुझ्या तिजोरीच्या चावीचे दात मी भर बाजारात मोजून दाखवत होतो आणि तू आपला हळू बोल, हळू बोल.

देणं-घेणं आपण थांबवलं नाही. फराळ गेला, पण आमच्या ताटात गेला. शीरखुर्मा आला, तो पण वाडग्यात आला, ताटाविना. तुझं ताट मात्र मी दिलं नाही. पहिला महिनाभर तू सारखा मागायचास, येता जाता, "ताट दे बे माझं." पुढं तू मागायचं सोडून दिलंस. मला वाटलं, जिंकलो.

मग तू तेलगावच्या बाजाराला गेलास, मशीन घेऊन, नेहमीसारखा. जाताना रस्त्यावरूनच ओरडलास, काही आणायचंय का. मी म्हणालो, तुझ्याकडून काय आणायचं, अक्कल तुला स्वतःलाच पुरत न्हाई. तू हात हलवलास. भांड्यावर नाव घालता घालताच कलंडलास म्हणे. अर्धं नाव झालं होतं. ज्या बाईचं होतं, तिनं ते भांडं तसंच नेलं, पुरं करून नको म्हणाली.

जियारतीच्या दिवशी, तुझ्यासाठी दुवा मागायला सगळे जमले तेव्हा, मी तुमच्या ओसरीत बसलो होतो. भाईजान सगळ्यांदेखत म्हणाले, "होते नव्हते ते कंगन सट्ट्यात घालून गेला." पडद्याआड भाभी होत्या. त्यांनी ऐकलं. मी त्यांना कुठल्या तोंडानं अडवणार? मीच तुला जुगारी म्हणत होतो. पण मी म्हणणं वेगळं अन्वर. मी तुला तोंडावर म्हणायचो आणि तू मला बैल म्हणून फिट्टंफाट करायचास. आता तू उत्तर देणार नाहीस आणि हे बोलणं तुझ्या नावावर राहणार, भाभी इद्दतीचे, म्हणजे नवऱ्यामागं पाळायचे, चार महिने त्या एका खोलीत बसून तेच ऐकणार. ते मला सोसेना. कंगन मिळोत न मिळोत, सट्टा हा शब्द तुझ्यावरून काढायचा, असं मी ठरवलं. कसा काढायचा ते ठाऊक नव्हतं.

त्यात फोन कोरा झाला, ते वर सांगितलंच.

मग तुझी नाझिया गिरणीवर आली. पोरगी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, तुझ्यासारखीच समजावून सांगते. तुझ्या तराजूच्या मागं तू तो चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवला होतास ना, पैसे घ्यायच्या कोडासारखा, तो तिनं काढून आणला होता. तो तुझा पत्ता. तिनं तो स्वतःच्या फोनवर दाखवला आणि स्क्रीन माझ्यापुढं धरली.

"काका, हे बघा. अब्बानं टाकलेलं सगळं हितंच हाय. एकदाबी विकलं न्हाई, कुठं हलवलं न्हाई. कधी आलं, किती आलं, सगळं लिहिलेलं हाय. हे कुणालाबी बघता येतंय."

मी बघितलं. खरंच होतं. माणूस कब्रस्तानात आणि त्याचा हिशोब उजेडात, एक टिंब इकडचं तिकडं नाही. मी म्हणालो, चला, सुटलो, काढ मग. ती म्हणाली, काढता येत नाही. दिसतं सगळ्यांना, उघडतं कुणालाच नाही. मी म्हणालो, कस्टमर केअरला फोन लाव, मयताचा दाखला दे, वारस म्हणून अर्ज कर, बँकेत करतो तसं. ती म्हणाली, "काका, तिथं कुणीच बसलेलं नसतंय."

घे. बिनमालकाची गिरणी. मी तुला विचारलं होतं की नाही, पट्टा तुटल्यावर कुणाला धरायचं? तेव्हा उठून गेलास. आता तर कायमचाच गेलास, विचारू कुणाला. भाईजानांना स्क्रीन दाखवली तर ते म्हणाले, "दिसतंय मग काढा की. काढता येत न्हाई तर ते असून नसून सारखंच." आणि वाईट याचं वाटलं, की मला त्यांचं पटलं.

पण नाझिया गप बसणारी नाही. जियारतीच्या जेवणाची भांडी आवरताना तिला तुझ्या घरी दोन ताटं सापडली होती. दोन्हीच्या तळाला नावाच्या जागी चार-चार इंग्रजी शब्द. एकावर एक ठिपका, दुसऱ्यावर तीन. तिला बघताक्षणी समजलं. कागदाला उंदीर लागतात, शाई उडते, म्हणून तू आपला स्टीलवर कोरून मोकळा झालास. जगात असा माणूस सापडायचा नाही, की तिजोरीची चावी जेवायच्या ताटाखाली कोरतो आणि ताटं मांडणीत उभी करतो, बायको सणाला कुठलं ताट उचलेल याचा विचार न करता. आठ शब्द घरी होते. दोन ठिपक्यांचं ताट घरात नव्हतं.

"अम्मी म्हणती ते तुमच्याकडं हाय. त्या ईदपासून."

दोन ठिपके. म्हणजे गाढव मी नव्हतो. किंवा होतो, पण तू लिहिलं म्हणून नव्हतो.

ताट कुठं होतं सांगू? गिरणीखाली. पीठ पडतं तिथं आजूबाजूला सांडतं, ते गोळा करायला. रागानंच ठेवलं होतं तिथं, दिवसभर समोरून तुला दिसावं म्हणून. रोज ते सिमेंटवरनं ओढायचं, पीठ झटकायचं, परत सारायचं. मी ते उचललं, फडक्यानं पुसलं, पालथं केलं. तळ घासून पांढरा पडला होता. ठिपके नाहीत. कडेला एक डी कसाबसा लागत होता, बाकी नुसते ओरखडे. नाझियानं ते उजेडाकडं धरलं, तिरपं धरलं, बोटानं चाचपलं. मग गिरणीच्या पायरीवर बसली. रडली नाही, पण मला वाटलं रडली असती तर बरं झालं असतं.

आणि मग तिनं विचारलं, "काका, काय लिहिलेलं होतं, काही आठवतंय का?"

आठवतंय का? अन्वर, मला माझ्या लग्नाची तारीख विचारली तर सुमनच्या तोंडाकडं बघावं लागतं. पण हे? मी डोळे मिटून सांगितलं. डाँकी, ऑनियन, लेझी, विंडो. याच क्रमानं. निम्म्या माजलगावला सांगून सांगून पाठ झालेलं, चुकतंय कसं? तिनं दोनदा विचारलं, क्रम हाच ना. मी म्हणालो, पोरी, कांदा मधे होता म्हणून तर मी इतका चिडलो होतो.

शब्द भर रस्त्यावर फोनात टाकायचे नाहीत, हे तिला तू शिकवलेलं. म्हणून ती घरी गेली, मी पण मागोमाग गेलो. ओसरीत ती बसली, पडद्याआड भाभी, खुर्चीवर भाईजान. तिनं एकेक शब्द घातला. आधी एका ठिपक्याचे चार, मग माझे चार, मग तीन ठिपक्यांचे. शेवटचा शब्द घालून तिनं बोट टेकवलं आणि ते चक्र फिरत बसलं. आपल्याकडं नेट कसं आहे ते तुला माहीत आहे. मी मनात किती शिव्या दिल्या, सगळ्या तुलाच दिल्या. मग स्क्रीन बदलली आणि नाझिया म्हणाली, "अम्मी, उघडलं."

भाईजानांनी चष्मा लावून बघितलं. "बरं झालं," म्हणाले आणि नमाजची वेळ झाली म्हणून उठले. बास, एवढंच. सट्टा म्हणालो ते चुकलं, असं एक वाक्य त्यांच्या तोंडातून निघेना. मी दारापर्यंत मागं गेलो आणि म्हणालो, "भाईजान, त्या दिवशी सगळ्यांदेखत बोलला होतात." ते थांबले. मग वळून पडद्याकडं तोंड करून म्हणाले, "कंगन सट्ट्यात गेले नव्हते." मोठ्यानं म्हणाले. शेजारच्या ओसरीत ऐकू गेलं असंल. माझं काम झालं.

नाझियानं त्याच बैठकीत नवीन वॉलेट काढलं आणि सगळं तिकडं हलवलं. मी म्हणालो, एवढी घाई कशाला? ती म्हणाली, "काका, आठ शब्द ताटांवर हाईत आन् चार तुमी निम्म्या गावाला सांगितलेत." आता नवे बारा शब्द कुठं ठेवलेत, ते मी विचारलं नाही. कंगन परत घडवायचे की कसं, ते मायलेकी बघतील. कळलं ते एवढंच, की या नव्या जमान्यात चावी एकट्याजवळ ठेवून मरू नये. तू शिकवताना सगळं शिकवलंस, हे तेवढं राहिलं.

मी निघालो तेव्हा पडद्याआडून भाभींनी थांबवलं. म्हणाल्या, त्या ईदनंतर तू महिनाभर डोकं धरून बसला होतास. मग एक दिवस दुकानातून हसतच घरी आलास. मी तेव्हा कुणातरी बाईला गाढव-कांदा सांगत होतो म्हणे. भाभींनी तुला विचारलं, ताट आणायचं का मी जाऊन? तर तू काय म्हणालास, ते त्यांनी तुझ्याच शब्दांत सांगितलं. "रहने दे. थाली घिस भी गई तो कुछ नै होता. दत्त्या मरे तक भूलता नै. उसके गुस्से से पक्का लॉकर पूरे माजलगाव में नै."

मी घरी कसा आलो, आठवत नाही.

म्हणजे तुला माहीत होतं. तू मागायचं सोडलंस ते हरलास म्हणून नव्हे. मला मुद्दाम फुगवून ठेवलंस. मी इतके दिवस तुझ्यावर जळत होतो, तुझ्या दारावरनं मान फिरवून जात होतो, आणि तू समोर बसून माझा राग बँकेत ठेवल्यासारखा वापरत होतास. लाज कशी वाटली नाही रे? मिटवला असता आपण तो राग. इतक्या दुपारी फुकट गेल्या, ओट्यावर बसलो असतो. आणि एवढा विश्वास टाकायचा होता, तर तोंडानं बोलायचा. एका घरचे चार शब्द दुसऱ्याच्या जिभेवर ठेवून जायचे आणि त्याला कळूही द्यायचं नाही, ही कुठली दोस्ती? असं माझ्यावर कुणी कधी विसंबलं नव्हतं. हे पण मला तू गेल्यावरच कळायचं होतं का?

सुमननं ते ताट चिंचेनं घासून लख्ख केलंय. तळाला काही राहिलं नाही, त्या शब्दांना आता किंमतही नाही. साधं ताट आहे. म्हणाली, आता तरी देऊन टाका, इद्दत संपली की मी शंकरपाळे करते, भाभींना आवडतात. बरोबर आहे तिचं. रिकामं द्यायचं नसतं.

पण मी ते गिरणीत आणून ठेवलंय, पिठापाशी नाही, वर फळीवर. तुझ्या दुकानाकडं तोंड करून. देतो म्हणतो, हात उचलत नाही. इतकी वर्षं 'न्हाई देत' म्हणायची सवय लागली. एकदा रस्त्यापलीकडून ओरड, दत्त्या, ताट दे बे माझं. एकदाच माग. लगेच देतो.